पितृपंधरवड्यातला तंबू

आमचं भांड्याचं दुकान आहे, युसूफ वडगावात, बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ते सासऱ्यांचं होतं, आता माझ्या नवऱ्याचं आहे. इतक्या वर्षांत हा माणूस दुकान सोडून गेला असेल तर लग्नाला, मयताला आणि कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला. मुलगा पुण्यात नोकरीला लागला तेव्हा त्याची खोली बघायलासुद्धा मी एकटीच गेले होते, कारण लग्नाची तिथी दाट होती आणि गल्ल्यावरून उठायला यांना सवड नव्हती. त्यामुळे एके दुपारी जेवता जेवता हे म्हणाले, "आपण दोघं तळ्यावर राहायला जाऊ," तेव्हा मी हातातला घास खाली ठेवला.

"कोणत्या तळ्यावर?"

"लिंबागणेशच्या पुढं, डोंगरात. वनखात्यानं बाग केली हाय तळ्याकाठी. तंबू लावू देतेत."

"कावून?"

"सहज."

सहज म्हणून काही करणारा हा माणूस नव्हे. गिऱ्हाइकाला चहासुद्धा तो सहज पाजत नाही. मी तोंडाकडे बघत राहिले, तर ते मान खाली घालून भाकरी कुस्करत होते. संध्याकाळी दुकानात गेले तेव्हा कुकरच्या खोक्यांमागे आणखी एक खोकं दिसलं, वेगळ्याच रंगाचं. उघडून बघितलं तर तंबू. म्हणजे मला विचारण्याआधीच तो येऊन पडला होता.

तेव्हापासून माझ्या मनात किडा वळवळायला लागला.

पितृपंधरवडा सुरू होता. आम्ही लिंगायत वाणी, आमच्यात पितरं जेवू घालत नाहीत, पण गिऱ्हाईक घालतं, आणि त्या दिवसांत नवं भांडं कुणी घरात आणत नाही. दुकान तसं रिकामंच. धाकटे दीर म्हणाले, "जावा की, मी बसतो." जाऊबाईंनी मात्र मला स्वयंपाकघरात ओढलं. "भावजींच्या मनात कायतरी हाय. तिकडं जमीन बघितली असंल. न्हाईतर दुसरं काय असंल, देव जाणे. डोळा ठेवा." दुसरं काय, ते तिनं सांगितलं नाही. त्यानं तर आणखीच पंचाईत झाली.

खरं सांगायचं तर माझा संशय त्याआधीचा होता. गेले काही महिने हे बदलले होते. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की ओ देत नसत. पहिल्यांदा वाटलं, कशावरून तरी रुसले असतील. मग मीही अबोला धरला, तर तो त्यांच्या लक्षातसुद्धा आला नाही. मुलाचा फोन आला की "तूच बोल" म्हणून माझ्या हातात द्यायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. दुकानात गिऱ्हाइकासमोर पातेल्याला टिचकी मारून "ऐका, कसं बोलतंय" म्हणायची त्यांची जुनी सवय होती, तीही बंद झाली होती. माणूस असा घरातल्या घरात परका व्हायला लागला की बाईच्या डोक्यात काय काय येतं, ते सांगायला नको. एकदा मी त्यांच्या शर्टाचे खिसेही तपासले. निघाली नुसती सुपारी.

शनिवारी सकाळी दुकानाच्या व्हॅनमध्ये तंबू, सतरंजी, स्टोव्ह, पिठाचा डबा घातला आणि निघालो. केज, नेकनूर, मांजरसुंबा. डोंगर चढताना एरवी रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाकडे बघून "ह्याचा माल लातूरचा, त्याचा औरंगाबादचा" असं सांगत जाणारा हा माणूस गप्प होता. लिंबागणेश मागे पडल्यावर रस्ता अरुंद झाला, आणि एका वळणावर खाली तळं दिसलं. छान होतं, खोटं कशाला बोलू. पावसानं भरलेलं, कडेनं हिरवं, पलीकडे सांडव्यावरून पाण्याची पातळ चादर पडत होती. चिटपाखरू नव्हतं. इतकी शांत जागा या माणसाला कुणी दाखवली, हा प्रश्न मला लगेच पडला.

बागेच्या फाटकात वॉचमन बसला होता. त्यानं आधी आमच्याकडे बघितलं, मग व्हॅनमध्ये डोकावला, मग पुन्हा आमच्याकडे.

"दोघंच?"

"दोघंच," मी म्हणाले.

"नातं काय?"

माझे केस अर्धे पांढरे, गळ्यात मंगळसूत्र, शेजारी टक्कल पडलेला माणूस. मी म्हणाले, "बाबा, आमचा पोरगा नोकरीला हाय."

"तसं न्हाई काकू, विचारावं लागतं. हितं पोरं-पोरी येतेत. दोन घंटे बसून जातेत. तुमच्या वयाचं कुणी राहायला आल्यालं न्हाई अजून." त्यानं दोघांची आधार कार्डं उलटसुलट करून बघितली. पत्ता एकच आहे हे पटल्यावर फाटक उघडलं, पण मन काही उघडलं नाही. तंबू लावायला त्यानं पाण्याजवळच्या एका कडुनिंबाखालची जागा दाखवली. आपल्या खुर्चीवरून दिसेल अशी.

तंबू ठोकता ठोकता आमची दमछाक झाली. काड्या एकीकडे वाकत, कापड दुसरीकडे उडे. शेवटी तो उभा राहिला आणि मी स्टोव्ह पेटवला, तेवढ्यात शेळ्या घेऊन एक बाई आली. पलीकडच्या उतारावर चार घरांची वस्ती आहे, तिथली. पस्तिशीची असेल. डोक्यावर पदर, हातात काठी, पायांत पुरुषी बूट. तिनं तंबूला एक चक्कर मारली आणि वाकून आत बघितलं.

"ही तर कोपी हाय," ती म्हणाली.

आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी माणसं कारखान्यावर पालापाचोळ्याची, प्लास्टिकची जी झोपडी घालतात तिला कोपी म्हणतात. ती दर साल दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर तोडीला जायची, पार कर्नाटकापर्यंत.

"आमी अर्धं साल कोपीतच ऱ्हातो," ती म्हणाली. "पर तितं काम असतंय. तुमचं हितं काय काम हाय?"

"काही काम नाही. राहायला आलो."

"घर न्हाई?"

"आहे की. चांगलं दोन मजली आहे."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझं मलाच खोटं वाटायला लागलं. घर आहे, काम नाही, आणि कोपीत येऊन राहिलो. कोण विश्वास ठेवेल? मग तिची नजर माझ्या तांब्यावर गेली. पितळेचा, आमच्या दुकानातला, जड. ती बराच वेळ तिकडे बघत होती. ती गेल्यावर मी तो तांब्या उचलून पिशवीच्या तळाशी घातला. ती आमच्यावर संशय घेत होती आणि मी तिच्यावर. बरोबरीचा मामला होता.

त्या मुक्कामात तसं काही घडलं नाही. पण एक गोष्ट मला खटकली. पिठलं-भाकरी खाऊन आम्ही पाण्याकडे तोंड करून बसलो होतो. हे म्हणाले, "तुला काय ऐकू येतंय?"

"टिटवी वरडतीय. सांडव्याचं पाणी. पलीकडं शेळ्या."

"आणि?"

"आणि काय? रातकिडे."

"आणखी काही? नीट ऐक."

मी नीट ऐकलं. काही नव्हतं. ते मात्र मान तिरकी करून, डोळे मिटून बसले होते, जसं कुणी यायचं आहे आणि त्याची चाहूल घ्यायची आहे. मी चारी बाजूंना बघितलं. झोपताना त्यांनी पुन्हा विचारलं, आणि सकाळी उठल्या उठल्या पुन्हा. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "कुणाची वाट बघताय?" ते म्हणाले, "कुणाची न्हाई." मग अंघोळ करून पाण्याकाठी लिंगपूजेला बसले. डाव्या तळहातावर इष्टलिंग, नजर त्यावर. रोजच्यासारखंच. त्यात मला वावगं काही दिसलं नाही, पण वॉचमन खुर्चीतून उठून दोन पावलं पुढे येऊन बघत होता हे मात्र दिसलं.

घरी आल्यावर मला वाटलं, झालं, हौस फिटली. पण मधला आठवडा गेला आणि शुक्रवारी हे म्हणाले, "उद्या परत जाऊ." दुसऱ्या दिवशी शनिवार आणि त्यानंतर रविवारी सर्वपित्री अमावस्या. मी म्हणाले, "अमावस्येला रानात कोण झोपतं?" ते म्हणाले, "तवाच दुकान बंद ऱ्हातं." व्हॅनमध्ये सामान ठेवताना सतरंजीखाली एक नवी कोरी कुदळ दिसली. दांड्यावरचा कागदसुद्धा निघाला नव्हता. मी सतरंजी परत तशीच सारली.

आमच्या भागात अमावस्या, कुदळ आणि ओसाड जागा एकत्र आली की माणूस एकच अर्थ काढतो. गुप्तधन. निजामाच्या काळात कुणी कुणी हंडे पुरून ठेवले म्हणतात, सोन्याच्या मोहरांचे. ते हंडे जमिनीखाली फिरतात, आणि ज्याच्या नशिबात असतील त्याला त्यांचा आवाज येतो, भांड्यावर भांडं आपटल्यासारखा. लहानपणी मी हे शंभरदा ऐकलं होतं. खुळ्या गोष्टी म्हणून हसलेही होते. पण शनिवारी व्हॅनमध्ये बसून नेकनूरच्या पुढे जाताना मला हसू येत नव्हतं. "तुला काय ऐकू येतंय?" या प्रश्नाला आता वेगळाच वास यायला लागला होता. हा माणूस बुवाबाबाच्या नादी तर लागला नसेल? कुणाच्या बोलण्यात आला असेल?

वॉचमननं या वेळी नातं विचारलं नाही. कार्डंही बघितली नाहीत. नुसतं फाटक उघडलं आणि फोन काढून कुणाशी तरी हळू आवाजात बोलत राहिला. कडुनिंबाखाली तंबू ठोकून झाल्यावर यांनी कुदळ काढली आणि तंबूभोवती खणायला सुरुवात केली.

"हे काय चाललंय?"

"चर काढतोय. पाऊस आला तर पाणी आत येईल."

आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

दुपारी मी पाण्यावर भांडी घासत होते. हे थोड्या अंतरावर दगडावर बसले होते. त्या शेळीवाल्या बाईचा सासरा, पांढऱ्या मिशांचा, अंगात बंडी घातलेला म्हातारा, काठी टेकत तिथून चालला होता. यांनी त्याला थांबवलं. रामराम झाला, पाऊसपाण्याचं झालं. मग यांनी विचारलं, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"बाबा, हितं भांडं वाजल्यासारखा आवाज येतो का हो कुठून?"

म्हातारा दोन पावलं जवळ आला. "कसा आवाज?"

"पितळी भांड्याला ठोका मारल्यावर मागं घुमत ऱ्हातंय बघा, तसा. बारीक."

"तुमाला येतो?"

"येतो. सारखा येतो. रातच्याला जास्त."

"कोणत्या अंगानं?"

"तेच तर कळत न्हाई," हे म्हणाले.

म्हाताऱ्यानं कुदळीकडे बघितलं, खणलेल्या चराकडे बघितलं, आणि आला त्याच्या दुप्पट वेगानं वस्तीकडे निघून गेला. माझ्या हातातलं पातेलं पाण्यात गेलं. माझा नवरा, हिशेबाला पक्का, देवळातसुद्धा गरजेपुरताच वेळ काढणारा, हंड्याचा आवाज ऐकत होता. मी तंबूत जाऊन बसले. निघून जावं असं वाटत होतं, पण व्हॅन मला चालवता येत नाही. आत्तापर्यंत माझ्या जमीन, आजार, बाई, सगळ्या शंका घेऊन झाल्या होत्या. आता वाटायला लागलं की त्यातली एखादी खरी निघाली असती तर बरं झालं असतं.

दिवेलागणीला लोक आले. पुढे वॉचमन, मागे म्हातारा, ती बाई, तिचा नवरा आणि वस्तीवरचे आणखी दोघंतिघं. कुणाच्या हातात काही नव्हतं, पण चालण्यात जोर होता. मी स्टोव्ह बंद केला. हे उभे राहिले.

तिच्या नवऱ्यानंच तोंड उघडलं. "शेट, सरळ सांगा. हंडा कुठं हाय?"

हे थोडे पुढे वाकले. त्याच वेळी मागून वॉचमन म्हणत होता, "माझी नोकरी जाईल," आणि दुसरा कुणीतरी म्हणत होता, "पोलीस पाटलाला बोलवा." सगळे एकदम.

"अंडा?" हे म्हणाले. "न्हाई, न्हाई. आमी अंडं खात न्हाई. आमी वाणी हाव."

मग तिचा नवरा भडकला. "चेष्टा करतो का बे? अमावस्या साधून आलास, कुदळ आनलीस, आन् वर अंडं न्हाई म्हनतो? आमच्या शिवारातलं हाय ते. निम्मं तरी आमचं."

"निम्मं कशाला? हाकलून लावा दोघांला," वॉचमन म्हणाला.

"सकाळच्या पारी हातावर काळा दगड घेऊन बसत होता," मागून कुणीतरी म्हणालं. "मंतर घालत होता."

त्यावर म्हाताऱ्यानंच त्याला झापलं. "गप ए. लिंगपूजा हाय ती. वाणी करत्यात. मी बघितल्याली हाय." मग तो यांच्याकडे वळून सावकाश म्हणाला, "पर आवाजाचं तुमीच बोललाव. मला इचारलाव का न्हाई?"

आणि मी बघत होते. हे म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते. बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे त्यांची नजर धावत होती, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याकडे, आणि दरवेळी उशीर होत होता. चेहऱ्यावर एक ओशाळं हसू होतं. ते हसू मी गेले कित्येक महिने बघत होते आणि दरवेळी त्याचा काहीतरी वेगळाच अर्थ लावत होते. न दिलेली ओ, पुढे केलेला फोन, बंद झालेली टिचकी, सगळं माझ्यासमोर एकदम उभं राहिलं.

मी पुढे झाले, त्यांच्या तोंडासमोर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "ते विचारतेत, आवाज कुठून येतो. सांगा त्यांना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डाव्या कानावर हात ठेवला.

"हितून येतो," ते म्हणाले. "माझ्या कानात वाजतंय. पार उन्हाळ्यापासून. बंदच होत न्हाई."

मग तेच बोलत राहिले, एरवी बोलत नाहीत इतकं. भांड्यांवर नावं घालायचं मशीन किती वर्षं कानाशी धरलं, लग्नसराईत दिवस दिवस ते कर्रर्र करत असतं. दुकानात दिवसभर आदळआपट, त्यामुळे आवाज बाहेरचा आहे की आतला हेच समजेना. घरी पंखा, रस्त्यावर ट्रॅक्टर. "म्हनलं, एकदा एकदम शांत जागी जाऊन बघावं. तितं आला न्हाई, तर दुकानाचा आवाज डोक्यात बसलाय म्हनायचं, जाईल आपोआप. तितंबी आला, तर मग आपलंच काहीतरी बिघडलं." ते थांबले. "हितंबी येतो. हितं तर लईच येतो."

म्हातारा पुढे आला. "बघू," म्हणाला. त्याच्या पोरानं मोबाइलची बॅटरी लावली आणि म्हाताऱ्यानं यांचं डोकं कलतं करून कानात बघितलं, शेळीला बघावं तसं. मग स्वतःचा कान त्यांच्या कानाला लावला. हंडा वाजतो का ते तो खरंच ऐकत होता, याबद्दल मला आजही शंका नाही.

"आमाला काय ऐकू येत न्हाई बाबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा निराश होता.

ती बाई माझ्याजवळ आली. "तुमाला ठावं नव्हतं?" तिनं हळूच विचारलं.

"होतं की," मी म्हणाले.

तिला ते पटलं नाही. पटलं नाही हे तिनं मला दिसू दिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. हळूहळू सगळे परतले. वॉचमन तेवढा रेंगाळला, चराजवळ उभा राहून पायानं माती सारून बघितली, मग गेला.

मी स्वयंपाक केला नाही. शेंगदाण्याची चटणी आणि सकाळच्या भाकरी पुढ्यात ठेवल्या आणि तंबूत शिरून त्यांना विचारलं, "मला कावून सांगितलं न्हाई?"

"काय?"

"मला कावून सांगितलं न्हाई!" हे इतक्या मोठ्यानं म्हणावं लागलं की ते फाटकापर्यंत गेलं असणार.

"सांगितलं असतं तर तू डाक्टरकडं नेलं असतंस."

"मग न्यायचंच असतं!"

"डाक्टर म्हनला असता, मशीन बंद करा. पोरगा म्हनला असता, दुकान बंद करा. मग मी काय करू?"

मला रडू आलं आणि रागही आला. कुठला आधी, सांगता येत नाही. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. जमिनीचं, खिसे तपासल्याचं, जाऊबाईंचं, गुप्तधनाचं. त्यातलं त्यांना किती ऐकू गेलं माहीत नाही. गुप्तधन मात्र गेलं. "तुलाबी?" ते म्हणाले. "तूबी त्येंच्यातच?" आणि हसायला लागले. मी नाही हसले. एका छपराखाली राहून मी मनातल्या मनात या माणसाला रानात हंडे शोधायला पाठवलं होतं, आणि त्यानं मला आपल्या कानापासून लांब ठेवलं होतं. हसण्यासारखं त्यात मला काही दिसलं नाही. ते लवकर झोपले. मी जागी राहून त्यांच्या डाव्या कानाकडे बघत होते, त्यातून काही ऐकू येतंय का असं. म्हाताऱ्याला काय नावं ठेवायची?

दसऱ्याच्या आधी आम्ही अंबाजोगाईला गेलो. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी एका बंद खोलीत बसवून तपासणी केली. आवाजानं नसा गेल्यात, म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही, कानातलं वाजणंही पुरतं थांबेल असं नाही, पण यंत्र लावलं तर ऐकू येईल आणि वाजण्याकडे लक्ष कमी जाईल. नाव घालायचं मशीन दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. ते आता दीर चालवतात, कानात कापूस घालून. हे कानाला यंत्र लावतात, पण दुकानात नाही. दुकानात लावलं की ताटं अंगावर आल्यासारखी वाटतात म्हणतात. मी त्यांच्याशी उजव्या बाजूनं बोलायला शिकले आहे. तरी अधूनमधून हाक मारून उत्तर आलं नाही की जुना संशय डोकं वर काढतोच. ऐकू आलं नाही, की ऐकायचं नाही? आता हे कसं ओळखायचं, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही.

दिवाळी झाल्यावर हे पुन्हा तळ्याचं बोलले. मला वाटलं होतं, आता काय काम आहे तिथं? पण गेलो. वॉचमननं फाटक उघडताना आमच्या डोळ्यांत बघितलं नाही. कडुनिंबाखाली पोचलो आणि का ते कळलं. जिथे आमचा तंबू होता तिथे खड्डा होता. गुडघ्यापेक्षा खोल, चांगला ऐसपैस.

"रानडुकरानं उकरलं," वॉचमन मागून म्हणाला.

खड्ड्याचे चारी कोपरे काटकोनात होते. डुकराला इतकं सरळ उकरता येत असेल तर त्याला गवंडीकामावर घ्यायला हरकत नाही. हे हसले. मी त्या वस्तीकडे बघितलं. घरांना कुलपं होती. तोडीला गेले होते सगळे, म्हातारासुद्धा. कुणी खणला, काही मिळालं का, कुणाला विचारणार? वॉचमनच्या बुटांना लाल माती होती, पण ती त्या भागात सगळ्यांच्याच बुटांना असते. आम्ही तंबू थोडा वर, खडकाजवळ लावला.

तेव्हापासून दोन-तीन महिन्यांतून एकदा आम्ही तिथं जातो. आता मलाच जावंसं वाटतं. यंत्र लावून हे पाण्याकडे बघत बसतात, मी स्वयंपाक करते, किंवा करत नाही. कान वाजत असतात, म्हणतात, पण तिथं त्याचं काही वाटत नाही. वडगावात मात्र लोकांची खात्री आहे की आम्ही तिकडे जमीन घेतली. जाऊबाईंना तर गट नंबरसुद्धा माहीत आहे म्हणे.

मागच्या वेळी मुलगा आला होता. आई-वडिलांचं काहीतरी बिनसलंय अशी त्याची समजूत होती. नाहीतर साठीला आलेली माणसं तंबूत कशाला राहतील? तो दिवसभर आमच्यावर नजर ठेवून होता. वडील काय बोलतात, मी काय उत्तर देते. तंबूपाशी फोनला रेंज नव्हती, त्यामुळे त्याला दुसरं कामही नव्हतं. कानाचं सगळं त्याला माहीत होतं, पण तेवढ्यानं त्याचं समाधान होईना. संध्याकाळी भांडी घासताना माझ्याजवळ येऊन बसला.

"आई, खरं सांग. इथं काय आहे?"

"पाणी आहे," मी म्हणाले.

"तसं नाही गं."

मी त्याला खड्ड्याची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो खूप हसला. लोक किती वेडे असतात म्हणाला.

सकाळी मी तंबूतून बाहेर आले तेव्हा ऊन नुकतंच पाण्यावर आलं होतं. हे काठावर पूजेला बसले होते. मुलगा अंथरुणात नव्हता. बघते तर तो कडुनिंबाखाली, खड्ड्याच्या काठावर, गुडघ्यांवर हात ठेवून आत वाकून बघत होता.